हाडु केळी

खानापूरच्या पोस्टात आई रेडिओचं लायसन भरायची,
पंधरा रुपये, लुगड्याच्या गाठीतून सोडून,
आणि पोस्टमास्तरला सांगायची,
पोरगं आत बसतंय न्हवं, भाडं त्याचं.

लुमाण्णा घाडी.
ड्यूटीच्या कागदावर एल. वाय. घाडी.
हवेत मात्र त्याला नाव नव्हतं.
इदु आकाशवाणी, धारवाड,
एवढंच,
आणि मग एक श्वास, तो तेवढा आमचा.
श्वासावरून आई ओळखायची
मेसच्या भाताने पुन्हा सर्दी झाली की नाही ते.

घरी मराठीत शिंकणारा माणूस
लोंढ्याच्या गाडीत बसायचा नि पलीकडे कानडीत उतरायचा.
गाणं लावायच्या आधी म्हणायचा, हाडु केळी.
म्हणजे गाणं ऐका.
आईला बाजारापुरती कानडी येत होती,
खरं तर बाजाराहून बरीच जास्त,
तरी चुलीपुढून ओरडायची,
हाडं नि केळी! एवढं शिकून
केळी विकूलालाय काय रे ह्यो?
आवाज तिनंच वाढवून ठेवलेला असायचा.

सुरुवातीला त्याला दुपार दिली होती,
कौलांच्या कारखान्यात बाया चिखलाच्या हातांनी भाकरी सोडतात ती वेळ.
पत्रं येईनात.
मग मीच लिहिली,
आठवीतल्या कानडीत, दहा पैशांच्या कार्डावर.
जांबोटीचे दुमिंग मास्तर झाले,
लोंढ्याचा एक गँगमन,
नंदगडची गंगव्वा, तिच्या नवऱ्याला बढती, तिला अमकं गाणं हवं.
तो वाचायचा, वाचता वाचता
माझी चुकलेली क्रियापदं सरळ करत जायचा,
दुमिंग मास्तरांना तर त्यानं एकदा व्याकरणात पासच करून टाकलं.
रविवारी घरी आला की एक शब्द नाही.
फक्त जाताना, चप्पल शोधत,
गंगव्वाला सांग, शाई कमी घे. माझी बोटं भरतात.

तिसऱ्या वर्षी नंदगडहून कार्ड आलं, माझ्या हातचं नसलेलं.
मी गंगव्वा.
गेल्या महिन्यात तुम्ही माझं पत्र वाचलंत, ते मी लिहिलं नव्हतं.
नवऱ्याला बढती नाही, नवराच नाही.
गाणं मात्र मला हवं होतं तेच होतं.
त्यानं ते हवेत वाचलं नाही.
खिशातून आणून माझ्या ताटाशेजारी ठेवलं.
तेव्हापासून नंदगड मी सोडून दिलं.
ते तिचं.

ज्या साली पाट्यांना डांबर फासलं, ह्यांनी त्यांच्या, त्यांनी ह्यांच्या,
गल्लीत कुणीतरी विचारलं,
मावशी, तुमचा लुमाण्णा नेमका कुणाचा?
सकाळी सात ते अकरा त्यांचा, आई म्हणाली,
भाकरीला माझा.
आणि दार लावून घेतलं. आत रेडिओ चालूच होता.

लायसन रद्द झालं त्या वर्षीही ती पोस्टात गेली.
पोरगं अजून आतच आहे, म्हणाली.
मास्तरांनी हात जोडून पैसे परत दिले.
येताना त्या पैशांची केळी घेऊन आली,
दोन फण्या,
शेजारीपाजारी वाटली, काही काळी पडली.

एकतीस वर्षं तो हवेत खोकला नाही.
आता माझ्याकडेच असतो, मागच्या खोलीत.
फ्रिजच्या स्टॅबिलायझरला लाल दिवा आहे,
तो पेटला असला की
लुमाण्णा स्वयंपाकघरात हळू पावलांनी येतो,
खुर्ची उचलून ठेवतो, ओढत नाही,
पाणी मागायचं तर बोटानं दाखवतो.
मी हसत नाही. मीही कढईत उलथनं जपून फिरवते.

रोज संध्याकाळी करंट जातो.
दिवा विझतो.
अंधारात खुर्ची सरकल्याचा आवाज येतो,
आणि तो खोकतो, मनसोक्त,
खूप वेळ.